‘खरं’ खोडून ‘परंतु’ कशाला?

खानापूरच्या माझ्या वाचकबाई,

पत्र मिळालं, खरं पत्रापेक्षा सोबतचं कथेचं पानच मी जास्त वेळ बघत बसले. तू लिहितेस, मावशी, पतसंस्थेतली नोकरी, दोन पोरं, सासूबाईंचं पथ्यपाणी सगळं आवरून रात्री साडेदहाला वही उघडते तर दोन ओळींच्या पुढं गाडी जातच नाही, मैत्रीण म्हणाली पहाटे पाचला ऊठ, तेही केलं चार दिवस आणि पाचव्या दिवशी काउंटरवर पेंगले, मग माझ्यात मुळात क्रिएटिव्हिटीच नाही काय?

आहे की गं. त्या पानावरच आहे, तू खोडलेल्या शब्दांत. कौलाच्या भट्टीवरची तुझी म्हातारी आधी म्हणते, ‘मी जाऊलालो खरं पैसं कुठं हाईत?’ ते तू खोडलंस आणि वर बारीक अक्षरात लिहिलंस, ‘मी निघाले आहे परंतु पैसे कुठे आहेत?’ म्हातारी गेली आणि तिच्या जागी बातम्या देणारी बाई येऊन बसली बघ. आपल्या बेळगावकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, कितीतरी बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, पुण्याची पाहुणी आली की हसते, आणि तेव्हापासून आपण गप. लिहायला बसलं की तीच पाहुणी शेजारी येऊन बसते. प्रत्येक वाक्य मनात एकदा आपलं आणि मग कागदावर दुसऱ्यांदा तिच्यासाठी, म्हणजे डबल काम, रात्री साडेदहाला कोण दमणार नाही?

मी पण केलंय हे. तिशीत असताना एका अंकाला कथा पाठवली, त्यांनी माझ्या गवळणीच्या तोंडी असलं शुद्ध मराठी घातलं की मलाच ती ओळखू येईना, आणि नाव छापून आलं या आनंदात मी काय बोलले नाही. पुढं दोन वर्षं मी पण तसंच लिहीत राहिले, एक कथा धड पुरी झाली नाही.

पहाटेचं सोड. ज्याला जमतं त्याला जमतं. इंदिरा संत आपल्या बेळगावातच राहिल्या, शिकवायची नोकरी आणि घर-मुलं सांभाळून कविता लिहिल्या, वेळ काय त्यांनाही कुणी ताटात वाढून दिला नव्हता. तुझ्याकडं खानापूर-बेळगाव बस आहे ना, जाता-येता? खिडकीची जागा मिळाली तर फोनमध्ये स्वतःलाच व्हॉइस मेसेज करायचा, म्हातारीच्या आवाजात, हळू बोल म्हणजे शेजारचा बघणार नाही (बघितलं तर बघू दे). बोलून टाईप करायच्या नादाला लागू नकोस, त्या फोनला ‘जाऊलालो’ कळत नाही, भलतंच काहीतरी उमटवतो. रात्री फक्त ते ऐकून जसंच्या तसं उतरवायचं, वीस मिनिटं. खोडायचं नाही, खोडाखोड रविवारी. आणि थांबताना वाक्य अर्धं सोडून थांब, दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधत बसायला लागत नाही. महागाची वही घेतलीस म्हणतेस, ती पोराला दे गणितं करायला, तू पतसंस्थेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिही, तिथं अक्षर बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

पोरं कन्नड शाळेत म्हणून घरात भाषेची भेसळ होते हेही लिहिलंयस. होऊ दे की. भट्टीवर कन्नड मुकादम असेल तर तो कन्नडच बोलणार, त्याला मराठीत कशाला ओढतेस.

थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर या आपल्याच गावांत साहित्य संमेलनं होतात, यंदा जमलं तर एकाला जा. स्टेजकडं नंतर बघ, आधी मांडवात मागं बसलेल्या बायका कशा बोलतात ते ऐक.

ते पान पुन्हा पाठव, खोडलेलं सगळं परत लिहून. आणि म्हातारीनं पैसे कुठं ठेवले होते ते तू दोन्ही वेळा लिहिलंच नाहीस, ते आधी कळव, मला चैन पडेना झालंय.

तुझी मावशी