जुन्या अंकांतील आकडे शिळे होतात का?

प्रश्न : माझी नात अर्थशास्त्रात एम.ए. करीत आहे. तिला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे पन्नास वर्षांपूर्वीचे अंक वाचायला सांगितले आहे. पतसंस्थेच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या मला प्रश्न पडतो, की इतके शिळे आकडे वाचून तिच्या हाती काय लागणार?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आकडे जुने होतात हे खरे, पण ते कसे काढले यावरचा वाद जुना होत नाही, आणि तो सलग वाचायला मिळतो तो अशा नियतकालिकांतच. सचिन चौधुरी यांनी १९४९ मध्ये मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले. १९६६ पासून ते आजच्या नावाने निघते.

जानेवारी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील दीर्घ निबंध त्यात आला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. पुढे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याच साप्ताहिकातून हरकत घेतली, की एकाच माणसाची उष्मांकांची गरजही दिवसागणिक कमीजास्त होत असते, त्यामुळे सरासरी गरजेलाच किमान मर्यादा मानले तर अर्धपोटी माणसांची संख्या फुगवून दाखवली जाते. दांडेकरांनी त्यांना १९८१ मध्ये तेथेच सविस्तर उत्तर दिले. दोन मराठी अभ्यासकांनी गरिबाच्या ताटातल्या घासावर इतक्या निष्ठेने वाद घालावा, हे मला आजही फार मोलाचे वाटते.

ताळेबंद हाती आला की आपण आधी लेखापरीक्षकांचे शेरे पाहत असाल. नातीलाही तक्त्याखालच्या बारीक अक्षरातील टिपा आधी वाचायला सांगा. दांडेकर-रथ यांच्या रेषेचा आधार १९६०-६१ ची राष्ट्रीय नमुना पाहणी होती आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे त्या मोजणीत आपल्या फोंड्यातले, डिचोलीतले एकही घर नव्हते. एवढे ध्यानात आल्यावर ‘भारतातील दारिद्र्य’ हे शब्द ती नक्कीच जपून वापरील. पुढच्या पाहण्यांत गोवा आला, तरी लहान राज्यातून निवडलेली घरे थोडी असतात. म्हणून गोव्याची टक्केवारी उद्धृत करण्याआधी ती किती घरांवरून काढली आहे, हे तिने पाहावे.

वाचताना प्रथम १९७१ चा निबंध, मग सुखात्म्यांची हरकत आणि शेवटी १९८१ चे उत्तर, हा क्रम तिने सोडू नये.