नोटीस कपाटात, मुदत मात्र चालू

तुमचा सोफा रेक्झिनचा. वेबसाइटवरच्या फोटोत फोटोशॉपने त्याला चामड्याचा पोत दिला, ग्राहक तक्रार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात गेला, आणि तुम्ही विचारता, ‘फोटो सगळेच एडिट करतात, यात माझी चूक काय?’ हा प्रश्न हल्ली बरेच विक्रेते विचारतात. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी, जाता जाता आली आहे: तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळून ३४ दिवस झाले आणि जबाब अजून दिलेला नाही.

आधी ते बघा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ नुसार लेखी जबाबाला ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी तसा निर्वाळा दिला आहे. म्हणजे उरले ११ दिवस, तेही आयोगाने मान्य केले तर. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो आणि प्रत्यक्षात वर्षं जातात, याची चीड मलाही येते. पण म्हणून नोटीस कपाटात टाकून ठेवायची? उद्याच वकील गाठा, उशिराचं कारण देऊन मुदतवाढीचा अर्ज आणि जबाब एकत्रच दाखल करा. नाहीतर प्रकरण ग्राहकाच्या पुराव्यावरच चालेल.

‘लेदर’ असं कुठेही लिहिलं नव्हतं, यावर फार भिस्त ठेवू नका. माल कशाचा बनला आहे याची खोटी बतावणी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ती नुसत्या चित्रातूनही होते. व्हाइट बॅलन्स सुधारून खरा रंग दाखवणं वेगळं, गुळगुळीत रेक्झिनवर चामड्याच्या बारीक छिद्रांचा आणि सुरकुत्यांचा लेयर चढवणं वेगळं. ‘रंगात थोडा फरक पडू शकतो’ ही तळटीप दुसऱ्या प्रकाराला पुरणं कठीण दिसतं. वर्णनात ‘रेक्झिन’ ठळक लिहिलं होतं का, हे तुम्ही कळवलेलं नाही. असेल तर बचावाला बळ येईल. भरपाईचा आकडा आज कुणीच सांगू शकणार नाही.

मूळ फोटो आणि लेयरवाली फाइल मात्र डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ तक्रारीपेक्षा महागात पडेल. वेबसाइटवरचा फोटो बदला, पण आधी त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून वकिलाकडे द्या.