बहारीनमधलं तेल संपत आलंय का? तिथल्या रिफायनरीत नोकरीला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की भावाला बहारीनच्या रिफायनरीत मेंटेनन्सची ऑफर आलीय, घरचे म्हणतायत तिथलं तेल संपलंय, तर देश नक्की कसा आहे आणि जाण्यात अर्थ आहे का.

मी नऊ वर्षं तिथं काढलीत, एका कॉन्ट्रॅक्टरकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून, त्यामुळे लिहितो. घरचे अर्धं बरोबर बोलतायत. बहारीनमध्ये स्वतःचं तेल फार नाही आणि कधीच फार नव्हतं. पण तुमच्या भावाची नोकरी बहारीनच्या तेलावर नाहीच मुळी, ती सौदीच्या तेलावर आहे. हे कसं ते सांगतो, थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

माझी आत्या अजून "दुबईवाला" म्हणते मला, म्हणून आधी हे की बहारीन हा वेगळा देश आहे, बेटांचा. तीसेक नैसर्गिक बेटं, भराव घालून घालून आता ७८० चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढं होतं त्याच्या साधारण सव्वापट. वस्ती पंधरा लाखांच्या वर, त्यात निम्म्याहून जास्त बाहेरचे, आणि आपले भारतीयच तीन लाखांवर. राजघराणं अल खलिफा, १७८३ पासून. बहारीन या शब्दाचा अर्थ दोन समुद्र. एक खारा, आणि दुसरा गोड्या पाण्याचा असं तिथले लोक सांगतात, कारण समुद्राच्या तळाशीच गोड्या पाण्याचे झरे होते आणि मोती काढणारे पाणबुडे खाली जाऊन चामड्याच्या पखालीत पिण्याचं पाणी भरून आणायचे. खाऱ्या पाण्याच्या पोटातून गोडं पाणी, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थापच वाटली होती.

तेलाच्या आधी देश मोत्यांवर चालायचा आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ कुठली, तर आपली मुंबई. चलनही रुपयाच होता बरं का! आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, नंबराच्या आधी झेड असायचा, बहारीनने त्या १९६५ पर्यंत वापरल्या आणि मग दिनार आणला. आज एका दिनारला दोनशेच्या वर रुपये पडतात, काळ कसा फिरतो बघा. ब्रिटिशांपासून सुटले तेही १५ ऑगस्टला, फक्त साल १९७१. (राष्ट्रीय दिवस मात्र १६ डिसेंबरला करतात, तेव्हा १५ ऑगस्टला सुट्टी मिळेल अशी आशा भावाने ठेवू नये.)

तर १९२०-३० च्या दशकात जपानी कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले मोती आले, वर जागतिक मंदी, आणि मोत्यांचा धंदा बसला. त्याच सुमारास फ्रँक होम्स नावाचा एक न्यूझीलंडचा माणूस तिथं फिरत होता, त्याने शेखना पाण्याच्या बोअर मारून दिल्या आणि त्या बदल्यात १९२५ मध्ये तेल शोधायचा परवाना मिळवला. म्हणजे पाणी देऊन तेल घेतलं. पुढे तो हक्क फिरत फिरत अमेरिकन स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाकडे गेला, पण ब्रिटिशांची अट होती की कंपनी ब्रिटिश पाहिजे, मग अमेरिकनांनी बापको ही कंपनी १९२९ मध्ये कॅनडात रजिस्टर केली, कारण कॅनडा ब्रिटिश साम्राज्यातलाच. पळवाटा तेव्हापासून आहेत. जेबेल दुखान म्हणून एक डोंगर आहे, डोंगर कसला टेकाड, १३४ मीटर, त्याच्या पायथ्याशी ऑक्टोबर १९३१ मध्ये खोदायला घेतलं आणि जून १९३२ च्या सुरुवातीला तेल लागलं. आखाताच्या अरब बाजूचं हे पहिलं तेल, सौदी आणि कुवेतला लागलं थेट १९३८ मध्ये. ती पहिली विहीर अजून जपून ठेवलीय, बाजूला छोटं म्युझियम आहे, मी एका शुक्रवारी रूममेटसोबत गेलो तर आजूबाजूला नुसती वाळू, पाइपलाइनी आणि मान हलवणारे जुने पंप, फोटो काढायला फार काही नाही पण सगळ्या आखाताचं नशीब इथून फिरलं म्हटल्यावर जरा थांबून बघावंसं वाटतंच.

आता आकडे. या जुन्या फील्डमधून १९७० च्या सुमारास दिवसाला ७५ हजार बॅरलच्या वर तेल निघायचं, नंतर घसरत गेलं, आता साधारण ४०-४५ हजार, तेही खूप नव्या विहिरी मारून. शेजारी सौदी यापेक्षा दोनशेपट काढतो. दुसरं फील्ड अबू साफा, समुद्रात, सौदी आणि बहारीनच्या मधोमध. १९५८ मध्ये दोघांनी समुद्रातली हद्द ठरवली तेव्हा असं ठरलं की फील्ड सौदीच्या हद्दीत, चालवणार पण सौदीच, मात्र उत्पन्नातला अर्धा वाटा बहारीनचा. दिवसाला तीन लाख बॅरलच्या आसपास, त्यातले दीड लाख यांच्या नावावर. म्हणजे घरच्या विहिरीपेक्षा बांधावरच्या विहिरीतून तिप्पट पाणी, आणि मोटर शेजाऱ्याची. सरकारी तिजोरी बरीचशी या पैशावर चालते, म्हणून मग सौदीशी संबंध कसे असतात ते मी वेगळं सांगायला नको.

आणि रिफायनरी. सित्रा बेटाजवळ १९३६ पासून चालू आहे, १९४० मध्ये इटलीच्या विमानांनी तिच्यावर बॉम्बसुद्धा टाकले होते, फार काही बिघडलं नाही. तिची क्षमता वर्षानुवर्षं २ लाख ६७ हजार बॅरल होती, आता मोठं एक्सपान्शन करून पावणेचार लाखांच्या पुढे नेलीय, उद्घाटन डिसेंबर २०२४ मध्ये झालं. घरचं तेल ४० हजार आणि कारखाना पावणेचार लाखांचा, मग बाकीचं येतं कुठून? सौदीहून, पाइपलाइनने. जुन्या लाइनी १९४० च्या दशकातल्या होत्या, नवी ११२ किलोमीटरची २०१८ मध्ये सुरू झाली. क्रूड म्हणजे कच्चं तेल आत येतं, डिझेल, जेट फ्युएल, नाफ्था बनून जहाजाने बाहेर जातं. धंदा दळणाचा आहे, गहू शेजाऱ्याचा, गिरणी यांची. गिरणी नवी आहे तोवर मेंटेनन्सवाल्याला काम आहे.

२०१८ मध्ये अजून एक गाजलं होतं, पश्चिम किनाऱ्याजवळ ८० अब्ज बॅरल सापडलं म्हणून. आमच्या कॅम्पात त्या रात्री सगळे हिशोब करत बसले होते की आता पगार किती वाढणार. पण ते खडकात घट्ट अडकलेलं तेल आहे, तो आकडा जमिनीत किती आहे त्याचा, निघेल किती त्याचा नाही. पगार काही वाढला नाही. उलट त्याच वर्षी सौदी, अमिराती आणि कुवेतने मिळून १० अब्ज डॉलरची मदत दिली तेव्हा देशाचा गाडा हलला, नंतर व्हॅट आला, आधी ५ मग १० टक्के. कर्ज डोक्यावर भरपूर आहे.

गॅसचं वेगळंच. गॅस निघतो तो विकत नाहीत, घरीच जाळतात, वीज, समुद्राचं पाणी गोडं करणं, आणि अल्बा नावाचा अॅल्युमिनियमचा प्रचंड कारखाना, १९७१ पासूनचा, चीन सोडला तर जगातल्या सगळ्यात मोठ्या स्मेल्टरपैकी (अॅल्युमिनियम गाळणारे कारखाने) एक, वर्षाला पंधरा लाख टनांच्या वर. एवढं लागतं म्हणून एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस, आयात करायचं टर्मिनलसुद्धा बांधून ठेवलंय. आखातातला देश आणि गॅस बाहेरून आणायची तयारी, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे.

भावासाठी कामाचं एवढंच. ऑफर रिफायनरीच्या रोलवर (म्हणजे थेट तिच्या पगारावर) आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे आधी विचारा, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. कॉन्ट्रॅक्टरची असेल तर ती एका शटडाऊनपुरती (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेवढ्यापुरती) आहे की वर्षाची, हे लेखी घ्या, मला पहिल्या वेळी तोंडी "लाँग टर्म" सांगून चार महिन्यांत परत पाठवलं होतं, कर्ज काढून एजंटला पैसे भरलेले, ते फेडायला पुढचं दीड वर्ष गेलं. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, पण सकाळी सहालाच कव्हरऑल घामाने पाठीला चिकटतो आणि दमटपणा असा की सेफ्टी गॉगलवर वाफ धरते, गेजचा काटा दिसत नाही, मी खिशात जुन्या बनियनचा तुकडा ठेवायचो पुसायला. त्याला पण सोबत दोन-चार द्या.