स्लिपमध्ये सिलिकेट किती घालावे?

प्रश्न : मी घरी प्लास्टरच्या साच्यांतून कप तयार करते. ओतायची स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली वाहती माती, घट्ट वाटली की थोडे सोडियम सिलिकेट घालायचे, अशी माझी पद्धत आहे. गेल्या महिन्यापासून मात्र सिलिकेट वाढवूनही ती पातळ होत नाही. बादलीच्या तळाशी माती दगडासारखी बसते आणि कप साच्याला चिकटून तडकतात. पाणी बोअरचे आहे आणि साच्याच्या तोंडाशी कापलेली माती मी पुन्हा बादलीतच टाकते. काय चुकते आहे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे बहुधा सिलिकेट जास्त झाल्याची आहेत. मातीचे चपटे कण एरवी पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून राहतात व त्यांच्यामध्ये पाणी अडकते. सिलिकेटमुळे ते एकमेकांना दूर लोटतात, बंगला मोडतो आणि कमी पाण्यातही स्लिप वाहू लागते. एका मर्यादेनंतर मात्र हेच सिलिकेट स्लिप पुन्हा घट्ट करू लागते. खात्रीसाठी वाटीभर स्लिपमध्ये सिलिकेटचे दोन थेंब ढवळून पाहावेत. ती आणखी घट्ट झाली, तर मर्यादा ओलांडली आहे.

मूळ चूक मात्र त्याआधीची आहे. स्लिप घट्ट होण्याचे कारण पाणी कमी असणे हेही असू शकते, आणि ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून आधी वजन करावे. मोजपात्रातील १०० मिलिलिटर स्लिप सुमारे १७५ ग्रॅम भरली पाहिजे. त्यासाठी १० किलो कोरड्या मातीला साधारण ४.३ ते ४.४ लिटर पाणी लागते. वजन जमल्यावरच सिलिकेटकडे वळावे. कोरड्या मातीच्या ०.३ टक्के, म्हणजे १० किलोला ३० ग्रॅम, हा प्रारंभाचा अंदाज आहे. पण प्रत्येक माती वेगळी असल्याने त्यातले २० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून आधी घालावे व उरलेले थेंबाथेंबाने, दर वेळी नीट ढवळून. स्लिप अगदी पातळ होईपर्यंत न जाता किंचित अलीकडे थांबलेले बरे, कारण रात्रभर ठेवल्यावर ती आणखी बदलते.

बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सिलिकेटचा बराच भाग निकामी करतात, त्यामुळे शक्यतो आरओचे अथवा गाळलेले पावसाचे पाणी वापरावे. साच्याजवळची कापलेली माती तर अधिक धोक्याची, कारण तिच्यात प्लास्टरचे कण येतात आणि त्यांतील कॅल्शियम सल्फेट हळूहळू विरघळत राहते. ती वेगळ्या डब्यात ठेवून चाळल्याशिवाय मिसळू नये.

बिघडलेली स्लिप फेकू नये. त्याच मातीची, सिलिकेट न घातलेली थोडी स्लिप वेगळी कालवून ती हळूहळू मिसळत जावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा १०० मिलिलिटरचे वजन पाहावे. व्हिनेगरचे थेंब टाकण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण त्याने स्लिपमधले क्षार आणखी वाढतात.