गिअरबॉक्स उतरवायचा की उघडायचा?

प्रश्न : काका, नमस्कार. गेल्या दिवाळीत सेकंडहँड, दोन सीटची इंपोर्टेड स्पोर्ट्स कार घेतली. २०११ची, सहा गिअरची मॅन्युअल. घरच्यांनी वेड्यात काढलं, ते असो. सकाळी निघालं की पहिली दहा-पंधरा मिनिटं दुसरा गिअर पडतच नाही. जोर लावला की कर्रर्र. गाडी तापली की बराच सुधारतो. रिव्हर्स मात्र तापलेल्या गाडीतही करकरतो, पण क्लच दोनदा पटापट दाबला की निमूट पडतो. आधीच्या मालकाच्या बिलात गिअर ऑइल ‘८०डब्ल्यू-९०, जीएल-५’ आहे, गाडीच्या पुस्तकात ‘७५डब्ल्यू-९०, जीएल-४’. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स खोलायचा, पावणेदोन लाख. खोलू का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पावणेदोन लाख तूर्त खिशातच राहू द्या. तुमच्या पत्रात दुखणी दोन-तीन दिसतायत आणि गॅरेजवाल्यानं सगळ्यांची मोट बांधून एकच बिल केलंय.

रिव्हर्सपासून सुरू करू. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी आतल्या भागांचा वेग जुळवणारी सोय) नसतो, त्यामुळे तो क्लचची चुगली लगेच करतो. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण खाली. मनात चार आकडे मोजा आणि मगच रिव्हर्स टाका. तरीही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, आतला शाफ्ट फिरतोच आहे. आता इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडत असतील, तर शंकाच नको.

पेडल दोनदा मारल्यावर गिअर पडतो, हे तर तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरचं रबर गेलंय. क्लच ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून आत बघा. ऑइल कोऱ्या चहासारखं काळं असेल तर ते कधी बदललं हे आधीच्या मालकालाही आठवणार नाही. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, पावसाळ्यात तर विचारू नका. दर दोन वर्षांनी बदलावं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते, म्हणजे प्रश्न नुसत्या गिअरचा राहत नाही. बदलताना बॉनेटवर सांडू देऊ नका, रंग खातं.

आणि हो, त्याही आधी पेडलखालचं मॅट उचला. हसू नका. माझ्या शुक्रवार पेठेतल्या गॅरेजात एक गाडी दोन दिवस उभी होती. लाइनची हवा काढली, सिलिंडर तपासला, शेवटी पोरानं झाडायला कार्पेट काढलं तर त्याखाली आणखी एक मॅट. पेडल बोटभर आधीच टेकत होतं. मालकाकडून मजुरी कुठल्या तोंडानं मागायची?

आता दुसरा गिअर. पहिल्यात ६००० आरपीएमला नेऊन तुम्ही दुसरा टाकलात आणि गिअरचं प्रमाण पहिल्याला ३.८, दुसऱ्याला २.३ असं धरलं, तर आतल्या शाफ्टला क्षणात सुमारे ३६०० वर यावं लागतं. हे ब्रेक लावण्याचं काम सिंक्रोची पितळी रिंग करते. वरच्या गिअरमध्ये ही उडी लहान असते, म्हणून आधी झिजते ती दुसऱ्याचीच. त्यात क्लच अर्धवट सुटत असेल, तर ती बिचारी शाफ्टऐवजी अख्ख्या इंजिनाशी झुंजते. म्हणून क्लच आधी, रिंग नंतर. नवी रिंग टाकून क्लच तसाच ठेवलात तर वर्षभरात परत याल.

सकाळचा त्रास मात्र बराचसा ऑइलचा दिसतो. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १०च्या आसपास उतरतो. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा जितका मोठा, तितकं ऑइल थंडीत जाड; ८०डब्ल्यू तेव्हा काकवीसारखं होतं आणि गिअरच्या शंकूसारख्या भागावर पकड घेण्याआधी रिंगला ते बाजूला सारावं लागतं. जीएल म्हणजे गिअर ऑइलची प्रत. जीएल-५मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलच्या दातांना चांगली, पितळाला दरवेळी मानवतेच असं नाही. पुस्तकात जीएल-४ लिहिलंय ना, मग तेच घाला. नाना पेठेत दुकानदार ‘दोन्ही सेमच आहे हो’ म्हणेल. डबा फिरवून मागचं वाचा.

जुनं ऑइल काढताना समोर उभे राहा. पांढऱ्या फडक्यावर थोडं घ्या आणि उन्हात तिरकं धरा. बारीक सोनेरी चमक म्हणजे रिंगचं पितळ. थोडी चालते, जुनी गाडी आहे. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप असतोच. पण लोखंडाचे कपचे हाताला टोचले, तर मात्र दात गेलेत. माझ्या टेबलावर अशी एक रिंग कागद दाबायला ठेवलीय. नव्या रिंगचे दाते टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे असतात, हिचे घासून जुन्या किल्लीसारखे गुळगुळीत झालेत.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर क्लच बेअरिंगभोवती, आतच असतो. तुमच्यात तसा असेल आणि तोच गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण उतरवणं वेगळं, उघडणं वेगळं. एस्टिमेट दोन्हींचं वेगवेगळं लिहून मागा. उतरवलाच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि सिलिंडर एकदमच बदला, मजुरी एकदाच पडते.

तोवर गाडी थंड असताना दोन-अडीच हजारालाच दुसरा टाका, न्यूट्रलला क्षणभर थांबून. खाली येताना डबल क्लच मारा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, परत क्लच, मग गिअर. जुने एसटीचे ड्रायव्हर कात्रजच्या घाटात हे पान चघळत करायचे. सिंक्रोमेश १९२८ साली कॅडिलॅकनं आणला, त्याआधी सगळ्यांनाच हे करावं लागे. स्पोर्ट्स कारवाल्यांना मात्र शिकवावं लागतं.

प्रश्न : गिअरची दांडी आखूड केली तर गिअर पटकन आणि हलका पडेल का?
– निगडी

उत्तर : पटकन हो, हलका नाही. दांडीची चाल कमी केली की हाताला जोर जास्त लागतो आणि घाई केली की रिंगवर ताण येतो. दांडी ढिली वाटत असेल तर खालचे बुश बदला, काही शेकड्यांत काम होईल. आणि सिग्नलला हात दांडीवर टेकवून बसू नका. आतला गिअर सरकवणारा फोर्क त्यानं झिजतो.