हान्सलिकला लगेच खलनायक ठरवू नका

एकोणिसाव्या शतकातला संगीत समीक्षक हान्सलिक वाचायला घेतलात आणि सुरुवातच जर्मन ऑपेराकार वाग्नरवरच्या त्याच्या लेखांपासून केलीत, तर त्याचा राग येणारच. पण व्हिएन्नाच्या या समीक्षकाला नुसत्या त्याच्या शेलक्या वाक्यांवरून जोखू नका. 1846 मध्ये वाग्नरच्या 'टानहॉयझर' या ऑपेराची तोंड भरून स्तुती करणारा तरुण हान्सलिकच होता! पुढे त्याचं मत फिरलं. संगीताचं सौंदर्य भावना व्यक्त करण्यात नसून स्वरांच्या रचनेतच असतं, असं त्याने 1854 च्या पुस्तकात मांडलं. वाग्नरला तर संगीतातून भावना आणि नाट्यच उभं करायचं होतं, मग त्याच्याशी जमायचं कसं? वाग्नरच्या 'माइस्टरसिंगर' या ऑपेरामध्ये गाण्यातल्या चुका खडूने टिपत बसणारा जो बेकमेसर आहे, त्याचं एका खर्ड्यात वाग्नरने चक्क 'हान्सलिश' असं नाव ठेवलं होतं. खुन्नस म्हणतात ती ही.

तेव्हा रेकॉर्ड नव्हत्या. मैफल हुकली की हातात उरायचा तो पेपरातला लेख, म्हणून 'नॉये फ्राये प्रेसे' या व्हिएन्नातल्या दैनिकातल्या हान्सलिकच्या शब्दाला एवढं वजन होतं.

सुरुवातीला रशियन संगीतकार चायकोव्स्कीचा व्हायोलिन कन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आणि त्यावरचा हान्सलिकचा लेख घ्या. डिसेंबर 1881 मध्ये व्हायोलिनवादक ब्रॉड्स्कीने तो व्हिएन्नात पहिल्यांदा वाजवला. हान्सलिकला शेवटच्या भागात रशियन जत्रेतला दारूचा भपकारा आला. कानांना दुर्गंधी येणारं संगीत असतं की काय, इथपर्यंत त्याची मजल गेली. आधी तो भाग दोनदा ऐका, मगच त्याचा लेख वाचा. जत्रा त्याने ओळखली होती बरोबर, फक्त ती त्याला सोसली नाही.

संगीतकार ब्राम्सवरचे त्याचे लेख मात्र जरा जपून वाचा. दोघे जिवलग मित्र, आणि ब्राम्सने ओपस 39 (म्हणजे त्याच्या रचनांमधला 39 वा क्रमांक) चे वॉल्ट्झ, म्हणजे वॉल्ट्झ नृत्याच्या चालीवरच्या रचना, हान्सलिकलाच अर्पण केलेत.