सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, लोहाची गोळी सोडायची का?

प्रश्न : सुनेला चौदावा आठवडा सुरू आहे. हिमोग्लोबिन 8.6 निघालं आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली. शेजारणी म्हणतात, सिकलमध्ये अंगात लोह साचतं, गोळ्या बंद करा. गोळ्यांनी तिला संडासही काळी होते. काय करावं?
– एक सासूबाई, हिंगणा

उत्तर : आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. सोल्युबिलिटी ही सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, नुसती पहिली चाळणी. रक्ताचा थेंब टाकल्यावर नळीतलं द्रावण गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण रक्त वाहकाचं (एएस, म्हणजे सिकलचं जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेलं) असो की रुग्णाचं (एसएस, दोघांकडूनही आलेलं), द्रावण गढूळच होतं. नेमकं काय ते एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी रक्ततपासणी, सांगते. ती याच आठवड्यात नागपूरच्या डागा किंवा मेडिकल रुग्णालयात करून घ्या.

सून नुसती वाहक निघाली, तर हिमोग्लोबिन सिकलमुळे उतरलेलं नाही. बहुतेक वेळा लोहच कमी असतं. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, 30 च्या खाली असेल तर शंकाच नको. एमसीव्ही 100 च्या वर असेल तर बी-12 तपासा. एमसीव्ही कमी पण तांबड्या पेशी 50 लाखांच्या वर, असं दिसलं तर थॅलेसेमियाची वाहक असू शकते. तेव्हा त्याच एचपीएलसीत ए-2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर जातं.

वाहकाला लोह चालतं. 60 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, लिंबूपाण्यासोबत. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. संडास काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने वाढायला हवं. गोळ्या नीट घेऊनही वाढलं नाही, तर शिरेतून लोह देता येतं.

एसएस निघाली तर मात्र शेजारणींच्या म्हणण्यात तथ्य आहे : फेरिटिन कमी असेल तरच लोह. सोबत रोज 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आणि तपासण्या मोठ्या दवाखान्यातच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला तहानलेली ठेवू नका. अंगातलं पाणी घटलं की पेशी कोयत्यासारख्या वाकून अडकतात आणि हाडं ठणकतात.

आता राहिला तुमचा मुलगा. त्याची एचपीएलसी सुनेसोबतच करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन ते तपासता येतं. म्हणून घाई.

प्रश्न : आठवा महिना, प्लेटलेट 1 लाख 20 हजार. पपईच्या पानांचा रस घेऊ का?
– वाचक, नंदनवन

उत्तर : नको. शेवटच्या महिन्यांत काहींच्या प्लेटलेट इतक्या उतरतात, बाळंतपणानंतर आपोआप भरतात. मात्र बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि लिव्हरच्या तपासण्या करा, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. 1 लाखाच्या खाली गेल्या, किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.